बातमी सांगितली की घरात खटला उभा राहतो

दोघांची_आई
आमच्याकडे रात्री जेवताना प्रत्येकाने कुठली तरी विचित्र बातमी सांगायची अशी पद्धत आहे. "आज शाळेत काय झालं?" या प्रश्नाला "काही नाही" हेच उत्तर ऐकून ऐकून मी ती सुरू केली. हेतू उदात्त होता. गप्पा होतील, चार गोष्टी कळतील, मोबाईल लांब राहतील. गप्पा होतात, नाही असं नाही. पण आमच्या घरात बातमी ही बातमी राहतच नाही, ती लगेच पुरावा म्हणून दाखल होते.

उदाहरण देते. ऑगस्ट २०२४ मध्ये इस्राएलमधल्या हैफा विद्यापीठाच्या हेख्त संग्रहालयात चार वर्षांच्या एका मुलाने किमान ३५०० वर्षं जुना रांजण फोडला. आत काय आहे ते बघायचं होतं म्हणून जरासा ओढला, म्हणे. संग्रहालयाने आरडाओरडा केला नाही, उलट त्याच कुटुंबाला पुन्हा बोलावून सगळं नीट दाखवलं. मी ही बातमी मोठ्या कौतुकाने सांगितली. नवऱ्याने त्यातून अर्थ काढला की वस्तू काचेआड ठेवाव्यात. थोरल्याला (वय ११) प्रश्न पडला की तुकडे जोडायला गोंद कुठला लागतो. धाकटी (वय ६) काहीच बोलली नाही.

पुढच्या आठवड्यात तिच्या हातून फुलदाणी फुटली. मी आवाज चढवला, तर शांतपणे म्हणते, "तो रांजण साडेतीन हजार वर्षांचा होता. ही किती वर्षांची आहे?"

तर मंडळी, ही पद्धत बंद करावी का? की तुमच्याकडेही असंच चालतं? किस्से येऊ द्या.

उगाचच
धाकटीला वकील करा. फी मात्र आत्ताच ठरवून ठेवा.

टिंब
हसून हसून पुरेवाट! पण फुलदाणी होती किती वर्षांची?

दोघांची_आई
@टिंब, आमच्या लग्नाइतकी. म्हणजे पुराणवस्तूच.

पाटी_पेन्सिल
वाचून जिवात जीव आला, आमचंच घर वेडं नाही तर. आमच्याकडे २०१९ च्या इग नोबेलने उच्छाद मांडला होता. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला हे बक्षीस देतात. त्या वर्षी रसायनशास्त्रातलं बक्षीस जपानच्या शिगेरू वातानाबे आणि सहकाऱ्यांना मिळालं. विषय काय, तर पाच वर्षांच्या मुलाच्या तोंडात दिवसभरात लाळ किती तयार होते! उत्तर साधारण अर्धा लिटर. मोजायची रीत अशी की मुलाने घास चावायचा आणि गिळायच्या ऐवजी थुंकायचा. बक्षीस समारंभात वातानाबेंचे मुलगे, चांगले मोठे झालेले, रंगमंचावर येऊन चावून-थुंकून दाखवत होते.

माझा लेक तेव्हा बरोबर पाच वर्षांचा. त्याने एवढ्या संशोधनातून एकच शब्द उचलला: थुंकायचा. मी रागावले की उत्तर तयार, "मी मोजतोय." मोजायला भांडंही स्वतःच निवडलं होतं. कुठलं ते विचारू नका, ते मी टाकून दिलं.

रात्रपाळी
@पाटी_पेन्सिल, त्याच मासल्याचं आमच्याकडचं. २०१५ चं भौतिकशास्त्राचं इग नोबेल. तीन किलोच्या वरचा कुठलाही सस्तन प्राणी घ्या, शेळी काय नि हत्ती काय, मूत्राशय रिकामं करायला साधारण २१ सेकंद लागतात. हत्तीचा साठा प्रचंड, पण नळीही लांब आणि रुंद, त्यामुळे गुरुत्वाकर्षणाचा जोर मिळून धार तितकीच मोठी. संशोधकांपैकी डेव्हिड हू यांना ही कल्पना स्वतःच्या बाळाचे लंगोट बदलताना सुचली होती. लंगोट बदलताना मलाही खूप कल्पना सुचायच्या, पण त्या सगळ्या झोपेविषयी असायच्या.

असो. हे मी कन्येला सांगितलं. आता ती दार सताड उघडं ठेवून मोठ्याने आकडे मोजते. घरी पाहुणे असले तर जास्तच मोठ्याने. पंधराला आटोपलं की घोषणा होते, "मी हत्तीला हरवलं!" (संशोधकांनी १३ सेकंद मागेपुढे धरले आहेत, पण तिच्या आनंदावर विरजण कशाला?)

निवांत
ऑफिसात वाचत होतो. खोकल्याचं नाटक करावं लागलं.

दीड_शहाणा
लेगोवाली बातमी कोणीच कशी आणली नाही? २०१८ मध्ये सहा बालरोग-डॉक्टरांनी स्वतः लेगोच्या बाहुल्याचं पिवळं डोकं गिळलं आणि ते बाहेर कधी पडतं याची वाट पाहिली. म्हणजे नुसती वाट नाही, रोज शोध घेतला. सरासरी १.७१ दिवस. सहांपैकी एकाला त्याचं डोकं सापडलंच नाही. रीतसर शोधनिबंध छापून आला आहे.

मी ही बातमी घरात सांगितली आणि बायको माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती, त्यावरून ती बातमी कुठल्या वयाच्या श्रोत्यांसमोर सांगू नये हे मला समजलं. पोराने तोवर खेळण्यांचा डबा आणला होता.

ओपीडीबाहेर
हसतेय, पण जरा खाकरून एक सांगते. बालरुग्ण विभागात काम करते म्हणून राहवत नाही. त्या डॉक्टरांनी गिळलेली वस्तू छोटी, गुळगुळीत, प्लास्टिकची होती, आणि गिळणारे मोठे होते. पालकांनी उगीच घाबरू नये एवढंच त्यांना सांगायचं होतं. यातून "गिळलं तर पडेल बाहेर" हा नियम कोणी काढू नका. बटणाच्या आकाराची सपाट बॅटरी गिळली असेल तर एक मिनिटही थांबू नका. अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून भाजू शकते. तसंच छोटी चुंबकं. एकाहून जास्त पोटात गेली तर आतड्याच्या दोन वळशांमधून एकमेकांना चिकटतात. दोन्हींत घरगुती उपाय नाही, थेट रुग्णालय.

झालं, आता पुढे हसा.

दीड_शहाणा
@ओपीडीबाहेर, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. रिमोट आणि वजनकाटा दोन्हींच्या बॅटऱ्यांची झाकणं आत्ता तपासून आलो. काट्याचं सैल होतं.

मधली
लेगोचा विषय निघालाच आहे तर. १३ फेब्रुवारी १९९७ ला इंग्लंडच्या कॉर्नवॉलजवळ टोकियो एक्सप्रेस या जहाजाला मोठी लाट लागली आणि ६२ कंटेनर समुद्रात गेले. त्यातल्या एका कंटेनरमध्ये लेगोचे जवळपास ४८ लाख तुकडे होते. गंमत म्हणजे त्यातले बरेच समुद्रातलेच: ऑक्टोपस, पाणबुडे, त्यांच्या पायात घालायचे पोहण्याचे पंख. आजही ते किनाऱ्यावर येतात आणि लोक ते गोळा करतात. काळा ऑक्टोपस फार दुर्मीळ. २०२४ मध्ये एका १३ वर्षांच्या मुलाला सापडला तर त्याचीही बातमी झाली.

त्याआधी जानेवारी १९९२ मध्ये असंच एका जहाजावरून आंघोळीच्या टबात खेळायची २८,८०० खेळणी पॅसिफिकमध्ये पडली. कर्टिस एब्समेयर या समुद्रशास्त्रज्ञाने ती कुठे कुठे पोचली याच्या नोंदी ठेवून प्रवाहांचा अभ्यास केला. जगभर ही "पिवळ्या बदकांची गोष्ट" म्हणून प्रसिद्ध आहे. पण प्रत्येक पाकिटात चार प्राणी होते! पिवळं बदक, लाल बीव्हर, निळं कासव, हिरवा बेडूक. सगळे एकाच जहाजावरून पडले, एकाच समुद्रात भिजले. बातमी फक्त बदकाची.

मी तीन भावंडांतली मधली आहे. यापुढे काही बोलत नाही.

उगाचच
@मधली, निळ्या कासवाकडून सप्रेम नमस्कार.

चौथा_बेडूक
खास हा आयडी घेऊन आलो आहे. आम्ही चार भावंडं, मी शेंडेफळ. बेडकालाही कोणी विचारत नाही हो.

खडूस
सगळ्यांचं छान चाललंय, म्हणून जरा मिठाचा खडा टाकतो. विचित्र बातम्यांतल्या निम्म्या थापा असतात आणि मुलांसमोर आपण त्या मोठ्या तोंडाने सांगतो. "अमेरिकेने अंतराळात चालणाऱ्या पेनावर लाखो डॉलर उधळले, रशियाने पेन्सिल नेली" ही गोष्ट तुमच्यापैकी किती जणांनी पोरांना सांगितली आहे? ती खोटी आहे. ते पेन फिशर कंपनीने स्वतःच्या पैशाने बनवलं, नासाने विकत घेतलं आणि पुढे सोव्हिएत संघानेही तेच घेतलं. पेन्सिलीचं टोक मोडून तरंगायला लागलं की यंत्रात जाण्याची भीती, म्हणून पेन्सिल मुळात नकोच होती. पण तात्पर्य गोड आहे ना, मग कोण शोधतोय!

धागाकर्तीला माझं उत्तर: बंद करा. किंवा आधी तपासा, मग सांगा.

टिंब
ही पेन्सिलीची गोष्ट आमच्या कंपनीच्या प्रशिक्षणात सांगितली होती. टाळ्यांसकट.

दोघांची_आई
@खडूस, मुद्दा पटतो. पण जेवताना एका हाताने घास आणि दुसऱ्याने संदर्भ शोधायचे म्हणजे मोबाईल पुन्हा ताटाशेजारी आलाच.

पाटी_पेन्सिल
खडूसकाका, थापाही सांगाव्यात की! १ एप्रिल १९५७ ला बीबीसीच्या पॅनोरमा कार्यक्रमात स्वित्झर्लंडमध्ये झाडांना स्पॅगेटी लागते आणि बायका ती टोपल्यांत वेचतात असं गंभीर आवाजात दाखवलं होतं. लोकांनी फोन करून झाड कसं लावायचं ते विचारलं. मी हा किस्सा मुलाला आधी खरा म्हणून सांगितला, मग विचारलं की यात काय खटकतं. तारखेवर यायला त्याला वेळ लागला, पण आला. आता प्रत्येक बातमीला पहिला प्रश्न "तारीख काय?" गृहपाठ कधी द्यायचा आहे ते विचारलं की मात्र तारीख आठवत नाही.

खडूस
@पाटी_पेन्सिल, हे चालेल. (काका नको, मी ३८ चा आहे.)

जुनं_खोड
मी ७१ चा आहे, मला काका म्हणा, हरकत नाही.

तुम्हा तरुण आईबापांना वाटतं की पोरं आत्ताच अशी वाद घालायला लागली. हे घ्या. बॅबिलोनच्या हम्मुराबी राजाच्या काळातलं, म्हणजे पावणेचार हजार वर्षांच्या आसपासचं, मातीच्या पाटीवरचं एक पत्र सापडलं आहे. इद्दिन-सिन नावाच्या मुलाने घरापासून लांब असताना आईला लिहिलेलं. मजकूर थोडक्यात असा: इथल्या मुलांचे कपडे वर्षागणिक चांगले होतायत आणि माझे तू वाईट करतेस, घरात लोकर भरपूर असूनही. बाबांच्या हाताखालच्या माणसाच्या मुलाला दोन नवे पोशाख मिळाले, तू माझ्या एकासाठी कुरकुर करतेस. आणि तो तर दत्तक आहे, तरी त्याची आई त्याच्यावर प्रेम करते, तू करत नाहीस.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा खुर्चीतून उठून मुलाच्या खोलीत बघून आलो होतो, त्याने लिहिलं की काय म्हणून. तुलना, उदाहरण आणि शेवटी काळजाला हात. या क्रमात काडीचा बदल झालेला नाही.

दुसरं, रशियातल्या नोव्हगोरोदला १९५६ मध्ये भूर्जाच्या सालीवर लिहिलेली एका पोराची वही म्हणा, ती सापडली. ओनफिम त्याचं नाव, तेराव्या शतकातला, सहा-सात वर्षांचा असावा. अक्षरं गिरवता गिरवता कंटाळा आला की त्याने चित्रं काढलेली. एकात स्वतः घोड्यावर बसून शत्रूला भाल्याने मारतोय, एकात शेपटीवाला प्राणी काढून "मी हिंस्र पशू आहे" असं लिहिलंय. साडेसातशे वर्षांनी त्याच्या गृहपाठावर विद्वान लोक प्रबंध लिहितात. माझ्या नातवाला हे सांगितल्यापासून त्याची वही फाटली तरी टाकू देत नाही.

निवांत
जुनं_खोड, वेगळा धागा काढा की यावर!

रात्रपाळी
+१. आणि ते इद्दिन-सिनचं पत्र लेकीच्या हाती लागू देऊ नका कोणी. मसुदा तयार मिळेल.

आत्यंतिक
पोरांना कंटाळलेल्यांसाठी: अमेरिकेत १ जानेवारी १९१३ ला पार्सल टपाल सुरू झालं, आणि लगेचच ओहायोतल्या एका जोडप्याने आपलं बाळ टपालाने आजीकडे पाठवलं. १५ सेंटची तिकिटं, शिवाय ५० डॉलरचा विमा. १९१४ मध्ये आयडाहोत पाच वर्षांच्या एका मुलीला ५३ सेंटची तिकिटं लावून आगगाडीच्या टपाल डब्यातून पाठवलं. पुढे टपाल खात्याने हे बंद केलं.

सुट्टीत दोघं घरी असतात तेव्हा मी ही बातमी मनातल्या मनात वाचते.

ओपीडीबाहेर
त्या मुलीसोबत डब्यात आईचा नातेवाईक होता, तो टपाल खात्यातच कामाला होता. रेल्वेच्या तिकिटापेक्षा टपाल स्वस्त पडलं इतकंच. बाळंही ओळखीच्या टपालवाल्याकडेच सोपवत. अनोळखी माणसाच्या हाती कोणी दिलं नव्हतं. (माझ्यातली नर्स गप्प बसत नाही.)

आत्यंतिक
@ओपीडीबाहेर, म्हणजे ओळखीचा टपालवाला शोधावा लागेल. बरं.

आईच्या_आयडीवरून
मी १६ वर्षांची आहे, आई आंघोळीला गेलीये म्हणून पटकन लिहिते. तुम्ही सगळे म्हणताय की मुलं बातम्यांचा पुरावा करतात. मोठे काय करतात? आमच्याकडे प्रत्येक बातमीच्या शेवटी "म्हणून" येतं. ऑक्टोपस मत्स्यालयातून पळाला, म्हणून झाकणं नीट लावावीत. कुठल्या तरी मुलाने कसली तरी स्पर्धा जिंकली, म्हणून तू मोबाईल कमी बघ. बाबा बातमी सुरू करतात तेव्हाच मी आणि भाऊ खुणेने ठरवतो की "म्हणून" कितव्या वाक्याला येणार.

रांजणाच्या बातमीत काकूंनीच आधी "बघा, किती समजूतदार माणसं" असं सांगितलं असणार. मग त्या मुलीने काकूंनाच समजूतदार व्हायची संधी दिली, तर तिचं काय चुकलं?

खडूस
आजचा सर्वोत्तम प्रतिसाद.

दोघांची_आई
@आईच्या_आयडीवरून, "काकू" माफ. बाकीच्यावर विचार करतेय. शब्द अगदी तेच होते गं माझे.

टिंब
तो पळालेला ऑक्टोपस इंकी ना? न्यूझीलंडचा, २०१६. टाकीच्या फटीतून बाहेर, जमिनीवरून सरपटत सांडपाण्याच्या नळीत, तिथून समुद्र. माझ्या पोरीने विचारलं, "त्याला शोधायला कोणी गेलं का?" नाही म्हटल्यावर बराच वेळ गप्प होती. तेव्हा मीही काही "म्हणून" जोडलं नाही, सुचलंच नाही.

ओंजळ
उशिरा आले, पण मूळ प्रश्नावर कोणीतरी बोलायला हवं. बंद करू नका.

१४ मार्च १९३० ची सकाळ, ऑक्सफर्ड. आजोबा न्याहारी करताना पेपरातली बातमी मोठ्याने वाचतायत की नेपच्यूनच्या पलीकडे नवा ग्रह सापडला, त्याला अजून नाव नाही. समोर बसलेली ११ वर्षांची नात व्हेनेशिया बर्नी म्हणते, प्लूटो ठेवा की. आजोबा फाल्कनर मॅडन हे बोडलियन ग्रंथालयाचे निवृत्त ग्रंथपाल. त्यांनी हे ओळखीच्या खगोलशास्त्रज्ञाला कळवलं, त्याने अमेरिकेतल्या लॉवेल वेधशाळेला तार केली आणि तेच नाव ठरलं. आजोबांनी नातीला पाच पौंड दिले.

लोक यात मुलीचं कौतुक करतात, ते बरोबरच आहे. मला मात्र आजोबांचं जास्त वाटतं. त्यांनी बातमी वाचून दाखवली, उत्तर आलं तेव्हा "आधी खा" म्हणाले नाहीत, आणि उठून ते योग्य माणसापर्यंत पोचवलं. माझ्या घरी हे झालं असतं तर ग्रह अजून बिननावाचा असता, कारण मी डबे भरत असते.

उगाचच
आणि २००६ मध्ये प्लूटोचं ग्रहपद गेलं. नाव तिने ठेवलं, नावं बाकीच्यांनी ठेवली.

जुनं_खोड
ओंजळताईंच्या म्हणण्याला जोड. स्पेनमधल्या अल्तामिराच्या गुहेत १८७९ मध्ये सान्स दे साउतुओला खाली वाकून जमीन उकरत होते. आठ वर्षांच्या मारियाने वर पाहिलं आणि छतावरचे आदिमानवाने रंगवलेले बैल तिला दिसले. बापाने पोरीचं ऐकलं. जगातल्या तज्ज्ञांनी बापाचं ऐकलं नाही, चित्रं बनावट ठरवली. १९०२ मध्ये त्यातल्या एकाने जाहीरपणे चूक कबूल केली, तोवर साउतुओला जाऊन १४ वर्षं झाली होती.

खडूस
ठीक आहे, "बंद करा" मागे घेतो. "आधी तपासा" मागे घेत नाही. शिवाय धागाकर्तीच्या थोरल्याला गोंदाचं उत्तर कोणीच दिलं नाही, म्हणून: संग्रहालयांत मातीच्या भांड्यांसाठी बहुधा पॅरालॉइड बी-७२ नावाचं ॲक्रिलिक राळेचं द्रावण वापरतात. ॲसिटोनने ते पुन्हा सुटतं, म्हणजे उद्या कोणाला अजून चांगलं जोडता आलं तर वाट मोकळी. फुलदाणीला लावू नका, पाण्याने भरायची असेल तर भरवसा नाही.

दोघांची_आई
सगळ्यांचे आभार. घरी चर्चा झाली, म्हणजे खटलाच चालला. पद्धत चालू राहणार. कलमं अशी: बातमी कुठून आली ते सांगायचं, आणि मोठ्यांनी "म्हणून" जोडायचं नाही. दुसऱ्या कलमावर नवऱ्याचा लेखी आक्षेप आहे. त्याच्याकडे मग बोलायला काही उरत नाही, असं त्याचं म्हणणं.

आईच्या_आयडीवरून
हो!!! (आई आली.)

मधली
धागा बंद व्हायच्या आत माझी आजची बातमी. एडिनबरा प्राणीसंग्रहालयातल्या निल्स ओलाव या पेंग्विनला नॉर्वेच्या राजाच्या रक्षकदलाने पद दिलेलं आहे. २००८ मध्ये सरदारकी, २०१६ मध्ये ब्रिगेडियर, २०२३ मध्ये मेजर जनरल. ही मी काल घरी सांगितली. मुलाने विचारलं, "आई, तुझं प्रमोशन कधी झालं होतं?"

रात्रपाळी
@मधली, पेंग्विनला निदान अर्ज भरावा लागला नसेल.